अर्थ सांगा व वाक्यात उपयोग करा: डॉग

मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आधी डोणगावला, मग बुलढाण्यात. या एकतीस वर्षांत मी इंग्रजी बोलले मात्र कुणाशीच नाही. बोलायचं कुणाशी? पोरं घाबरायची, स्टाफरूममधले मास्तर पळायचे, आणि तपासणीला येणारे साहेब वर्गात शिरताना ‘गुड मॉर्निंग’ म्हणून पुढचं सगळं मराठीत उरकायचे. इंग्रजी ही आमच्याकडे फळ्यावर लिहायची, खाली रेघ मारायची आणि मार्चमध्ये पेपरात ओकायची गोष्ट होती. ते काम मी चोख केलं. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि ‘मॅडमचं इंग्रजीवर प्रभुत्व होतं’ असं एक मराठी भाषण मिळालं.

घरी बसल्यावर महिन्याभरात मी नवऱ्याच्या किराणा यादीतल्या चुका काढायला लागले. ते कोर्टात बाबू होते, माझ्याआधी तीन वर्षं रिटायर झालेले. त्यांनी माझ्यादेखत पुण्याच्या पोराला फोन लावला.

“आईले कुठंतरी गुंतव बे. मले जगू दे जरा.”

पोरानं एका ऑनलाइन कंपनीत माझं नाव घातलं. तिथे चीनमधली माणसं इंग्रजी शिकायला येतात, आणि ज्यांना दुसरीकडे कुणी विचारत नाही असे मास्तर त्यांना शिकवतात. माझ्या वाट्याला एक विद्यार्थी आला. वय एकसष्ट. कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला, बायको वारलेली, एकुलती एक मुलगी कॅनडात. तिनं तिथल्याच मुलाशी लग्न केलं होतं आणि सासू-सासऱ्यांसोबत एकाच मोठ्या घरात राहत होती. लग्नाला चार वर्षं झाली तरी या गृहस्थानं व्याह्यांचं तोंड फक्त फोटोत पाहिलेलं. आता तो पहिल्यांदाच तीन महिन्यांसाठी जाणार होता. पोचला की शनिवारी त्याच्यासाठी घरात खास जेवण ठेवलेलं.

पहिल्याच तासाला त्यानं आपलं दुखणं सांगितलं. “डॉटर से, फादर, यू नो नीड टॉक. ओन्ली स्माइल.” मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला, “आय वाँट टॉक.”

मला तिथेच भरून आलं. कारण हे ‘ओन्ली स्माइल’ माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. पुण्यात पोराच्या सासुरवाडीला जेवायला निघालो की गाडीत पोरगा हटकून म्हणतो, “आई, तिथे फार बोलू नकोस, दमशील.” सत्तर-सत्तर पोरांच्या वर्गाला मी माइक नसताना दिवसाचे सहा तास ओरडून शिकवलं. मी दोन तासांच्या जेवणात दमणार! खरी गोष्ट वेगळी आहे. पहिल्या भेटीत मी सरळ म्हटलं होतं, “मले भात नको, पोळीच द्या.” त्यावर विहीणबाईंनी टाळी वाजवली. “अय्या, किती गोड! परत बोला ना!” मी काय पिंजऱ्यातला पोपट आहे? तेव्हापासून त्या घरात मी ‘हो’, ‘नको’ आणि ‘पुरे’ एवढ्या तीन शब्दांवर भागवते. विहीणबाईंच्या टाळीपेक्षा मी गप्प बसल्यावर पोराच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते, ती मला जास्त लागते. तिथलं जेवण मला कधी गोड लागलेलं नाही.

तेव्हा मी ठरवलं, हा माणूस त्या जेवणाच्या टेबलावर मुका बसणार नाही. काय वाट्टेल ते होवो, हा बोलणारच. आणि मग हाडाची शिक्षिका जशी करते तशी मी त्याची वाट लावायला घेतली.

त्याला सगळ्यात आधी ‘डॉग’ पाहिजे होता. व्याह्यांकडे चौदा वर्षांचा म्हातारा कुत्रा होता आणि मुलीच्या सांगण्याप्रमाणे त्या घरात दुसरा विषयच नव्हता. कुत्र्यानं काय खाल्लं, कुत्र्याला झोप लागली का, कुत्र्याचे डॉक्टर काय म्हणाले. “ऑल डॉग, टीचर,” तो म्हणाला. म्हणजे डॉगबद्दल जे जे असेल ते सगळं शिकवा. मला आनंदच झाला. वाक्प्रचारांच्या माझ्या जुन्या वहीत डॉगचं दीड पान होतं.

शिकवायला लागले आणि माझ्याच लक्षात आलं की हे इंग्रज लोक भलतेच दुटप्पी. कुत्र्याला सोफ्यावर झोपवतील, त्याच्या तोंडाला तोंड लावतील, त्याचा वाढदिवस करतील. पण भाषा उघडून पाहा. ढोर मेहनत केली तर डॉगसारखी केली. आजारी पडलात तर डॉगसारखे पडलात. दमलात तर डॉग-टायर्ड. जिणं हलाखीचं असेल तर ते डॉगचं. देश बुडाला तर तो डॉग्जकडे गेला. नवरा-बायकोचं भांडण झालं तर नवऱ्याची रवानगी डॉगच्या खोपटात. पुस्तकाचं पान दुमडलं तर त्यातही कुत्र्याचाच कान. घरात लाड आणि तोंडात शिव्या, असा सगळा कारभार.

माझा विद्यार्थी खूश झाला. म्हणाला, आमच्याकडेही असंच. मोठ्या माणसाच्या मागे शेपूट हलवत पळणाऱ्याला आमच्याकडे पळता कुत्रा म्हणतात. मी म्हटलं, असे आमच्याकडे प्रत्येक पुढाऱ्यामागे दोन-दोन जीप भरून असतात. चीनमध्ये लग्न न झालेली पोरं स्वतःला एकटा कुत्रा म्हणतात, आणि ऑफिसात उशिरापर्यंत राबणारी पोरं जादा तासांचा कुत्रा. मग जरा लाजून त्यानं सांगितलं, की लहानपणी घरात त्याला हाक मारायचे त्या नावाचा अर्थ होता ‘कुत्र्यानं टाकलेला’. तो जन्मतः मरतुकडा होता. कुत्रंही ज्याला तोंड लावत नाही, त्याला मरण तरी कशाला नेईल, या हिशोबानं आईनं ते नाव ठेवलेलं. मला हसू आलं नाही. आमच्याकडेही नवसासायासाच्या पोरांना दगड, धोंडा, उकिरडा अशी नावं ठेवून जगवलेलं मी हजेरीपटावर पाहिलंय.

पण हे सगळं अवांतर. मी लगेच त्याला पोर्शनवर आणलं.

माझी पद्धत ठरलेली. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, प्रत्येक वाक्य वीस वेळा लिहा. तो बिचारा पट्टीनं समास आखून लिहायचा आणि वहीचा फोटो पाठवायचा. मी तो झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायची, लाल पेनानं तपासायची आणि परत फोटो पाठवायची. दहापैकी नऊ. प्रत्येक वेळी नऊ. एकदा त्यानं विचारलं, “टीचर, माय वन मार्क, व्हेअर गो?” चूक तर एकही नव्हती. मी म्हटलं, भाषेला पैकीच्या पैकी देत नसतात, गणिताला देतात. त्यानं विचारलं, का? आता याला काय उत्तर आहे? मला खामगावच्या शाळेत माझ्या बाईंनी दिले नाहीत, त्यांना त्यांच्या मास्तरांनी दिले नसतील. वऱ्हाडातल्या भाषेच्या शिक्षकांनी पिढ्यान् पिढ्या वाचवलेला हा एक मार्क शेवटी कुठे जमा होतो, मला माहीत नाही. “रूल,” मी म्हटलं.

आमचा तास सकाळी साडेआठला असायचा. मी स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडून बसायची, कारण नेट तिथेच मिळतं. माझ्या मागे मागचं दार. सकाळच्या पोळ्या झाल्या की शेवटची पोळी कुत्र्याची, हे घरोघरचंच. तास सुरू असताना आमचे हे ती पोळी घेऊन माझ्या मागून जायचे आणि दारात बसलेल्या तांबड्या कुत्र्याला घालायचे. माझ्या विद्यार्थ्याचं लक्ष माझ्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त. एक दिवस त्यानं विचारलंच, हे रोज काय नेतात?

मी वैतागून चार शब्दांत सांगितलं. लास्ट ब्रेड, फॉर डॉग. पाळलेला का? नाही, रस्त्यावरचा. रोज? रोज. घरात कमी असेल तेव्हाही? मला आठवलं, माझ्या माहेरी दुष्काळात ज्वारी मोजून दळली जायची तेव्हाही आई शेवटची भाकरी लहान थापायची, पण थापायची. “यस,” मी म्हटलं, “पुअर डे ऑल्सो. नाऊ ओपन युअर नोटबुक.”

दुसऱ्या दिवशीच्या वहीत खाली, न सांगता लिहिलेलं एक वाक्य होतं. माझ्या टीचरच्या घरी शेवटची पोळी कुत्र्याची असते. इंग्रजी मोडकंच होतं. मी त्यावर लाल काट मारली आणि बाजूला लिहिलं, ‘आउट ऑफ सिलॅबस’.

जाण्याच्या आधी पंधरा दिवस मी माझं ब्रह्मास्त्र काढलं. अपेक्षित प्रश्नसंच! दहावीच्या पोरांना मी जसा वीस प्रश्नांचा संच द्यायची आणि त्यातले बारा हमखास यायचे, तसाच. जेवायला बसल्यावर व्याही काय विचारतील, त्याची वीस उत्तरं पाठ करायची. प्रवास कसा झाला? आय ॲम डॉग-टायर्ड. काम काय करत होता? आय वर्क्ड लाइक अ डॉग फॉर थर्टी-फाइव्ह इयर्स. तब्येत कशी असते? लास्ट विंटर आय वॉज सिक ॲज अ डॉग. चालू पाठातले वाक्प्रचार उत्तरात आले की बोर्डाचा परीक्षक खूश होतो, हा माझा अनुभव. म्हणून वीसपैकी चौदा उत्तरांत मी कुत्रा घातला.

आमचे हे दाराशी उभं राहून ऐकत होते.

“एका जेवणात एवढे कुत्रे? पंगत हाय का कोंडवाडा?”

“तुम्हाले काही समजते का इंग्रजीतलं?”

“इंग्रजीतलं नाही समजत वो. जेवणातलं समजते.”

मी दार लावून घेतलं. संच माझ्या विद्यार्थ्याच्या तोंडपाठ झाला होता. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हटला असता.

तो गेला. शनिवारचं जेवण झालं. तिकडे सकाळ असेल म्हणून रविवारचा तास मी संध्याकाळी ठेवला होता. लाइट गेली तर पंचाईत नको म्हणून फोन भरून तयार ठेवला आणि निकालाच्या दिवशी बसावं तशी बसले.

स्क्रीनवर तो आला. पहिलं वाक्य म्हणाला, “टीचर, डॉग डेड.”

कुत्रा गुरुवारीच गेला होता. त्या घरात चुलीला विस्तव नाही म्हणावं असं सुतक. मुलीनं वडिलांना कळवलं नव्हतं. का, तर बाबांना भाषा कळत नाही, सांगून काय उपयोग, ते फक्त हसतील.

पण जेवण ठरलेलं, म्हणून सगळे बसले. रडून रडून डोळे सुजलेल्या विहिणीनं पाहुण्याची विचारपूस करायची म्हणून विचारलं, प्रवास कसा झाला? प्रश्न क्रमांक एक! माझा विद्यार्थी ताठ बसला आणि खणखणीत म्हणाला, “आय ॲम डॉग-टायर्ड.” व्याह्यांनी सावरून घेतलं, कामाचं विचारलं. प्रश्न क्रमांक दोन. आय वर्क्ड लाइक अ डॉग. जावयानं घाईघाईत तब्येतीचं विचारलं. सिक ॲज अ डॉग. तिथे विहीण उठली आणि तोंडावर रुमाल धरून आत निघून गेली. मुलगी चिनीत दबक्या आवाजात म्हणाली, “बाबा, पाया पडते, फक्त हसा.”

मग तो हसला. एक बाई आतल्या खोलीत हुंदके देतेय, आणि हा टेबलावर बसून, मुलीचं ऐकून, सगळ्यांकडे पाहून हसतोय.

खरं सांगते, मला आधी हसूच फुटलं. पदर तोंडात कोंबला. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पदर खाली घेतला. त्याची काय चूक होती? त्यानं जे पाठ करायला दिलं ते पाठ केलं. एकतीस वर्षं माझ्या पोरांनीही तेच केलं. मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होते, की माझा संच घेऊन माणूस जगात बाहेर पडला की त्याचं काय होतं.

“सॉरी” हा शब्द मी हजारो पोरांना शिकवला होता. कुणाला म्हटला नव्हता. तेव्हा म्हटला.

“वेट, टीचर,” तो म्हणाला. “नॉट फिनिश.”

त्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी उठला होता. स्वयंपाकघरात टोस्ट खात एकटाच बसला होता. कोपऱ्यात कुत्र्याची थाळी होती, धुऊन ठेवलेली. ती उचलायचा धीर घरात कुणाला झाला नव्हता. त्यानं टोस्टचा शेवटचा तुकडा नेऊन त्या थाळीत ठेवला. ठेवून वळतो तो दारात विहीण. तिनं विचारलं, हे काय करताय?

हा प्रश्न संचात नव्हता.

“आय से,” तो मला सांगत होता, आणि सांगताना तिथल्यासारखेच हात हलवत होता, “माय टीचर हाऊस, लास्ट ब्रेड, डॉग. एव्हरी डे. पुअर डे ऑल्सो. आय नो मीट युअर डॉग. आय सॉरी, नो मीट.”

ती खाली बसली. हाही बसला. तिनं फोनवरचे फोटो काढले. त्यानं आपलं घरातलं नाव सांगितलं, त्याचा अर्थ सांगितला, आई सांगितली. मी मेलो नाही, म्हणजे नावानं काम केलं, असं सांगितलं. तिला रडता रडता हसू आलं. बराच वेळ दोघं बोलत होती. मध्येच त्याची मुलगी जिन्यावरून घाईनं खाली आली, भाषांतर करायला. तिला कुणी काही विचारलं नाही. ती जिन्यातच उभी राहिली.

मी त्याला म्हटलं, हे सगळं लिहून पाठव. त्यानं त्या दिवशीच पाठवलं. एक पान, पट्टीनं समास आखलेला. छापून आणलं, लाल पेन काढलं. अर्ध्या पानात अकरा चुका मोजल्या. त्यातलं तिसरं वाक्य तेच होतं, ज्यावर मी काट मारली होती. मी चूक एकही रंगवली नाही. खाली दहापैकी दहा लिहिले. आकडा हातातून उतरेना, इतकी सवय नव्हती.

आमचे हे चहा पिता पिता पाहत होते.

“पैकीच्या पैकी?”

“हो.”

“एकतीस वर्षांत किती पोरायले देल्ले असे?”

“एकालेही नाही.”

“काऊन वो?”

मी दाळ बघायला उठले. दाळ काही गॅसवर नव्हती.

दिवाळीत पुण्याला गेलो. पोराच्या सासुरवाडीला निघताना गाडीत तेच वाक्य झालं. जेवायला बसल्यावर विहीणबाईंनी कौतुकानं विचारलं, “चिनी लोकांना शिकवता म्हणे तुम्ही. काय शिकवता हो त्यांना?” मी तोंड उघडायच्या आत पोरगा म्हणाला, “काही नाही, बेसिक असतं, टाइमपास म्हणून—”

“थांब बे,” मी म्हटलं. “मले इचारलं न त्यायनं.”

वाढणारे हात थांबले. मी जशी घरी बोलते तशी बोलायला लागले. कोंडवाडा सांगितला, वाया गेलेला एक मार्क सांगितला, चौदा कुत्रे सांगितले. मध्ये कुणी टाळी वाजवली नाही. जिथे हसायचं तिथे विहीणबाई हसल्या, आणि गोष्ट कुत्र्याच्या थाळीशी आल्यावर त्यांनी हातातला डाव खाली ठेवला. ‘फादर, ओन्ली स्माइल’ सांगताना मात्र मी विहीणबाईंकडे नाही, माझ्या पोराकडे पाहत होते. तो मान खाली घालून भात कालवत होता, आणि भात केव्हाच कालवून झाला होता.